सुट्टीतलं वाचन : निवड मुलांची, सोय मोठ्यांची

आठवी ते बारावीच्या मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत केवळ आनंदासाठी वाचावं, म्हणून काय करता येईल, असं विचारणारी पत्रं पालक, शिक्षक आणि खुद्द मुलांकडून आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीपर्यंत पुस्तकात डोकं खुपसून बसायची. आता नववीत आहे आणि अभ्यासाखेरीज एकही पुस्तक हातात घेत नाही. सुट्टीत तिला पुन्हा वाचनाकडे कसं वळवू? — एक पालक

या वयात वाचन सुटतं त्याची कारणं बहुतेक घरांत सारखीच असतात. लहानपणीची पुस्तकं आता 'बारक्यांची' वाटू लागतात आणि पुढची कुठली घ्यायची, हे कोणी सांगितलेलं नसतं. दुसरं म्हणजे, सहावीपासून समोर आलेल्या जवळपास प्रत्येक धड्याखाली प्रश्न छापलेले असतात. त्यामुळे वाचलं की उत्तर द्यावं लागणार, अशी मनाची सवय होऊन बसते. तिसरं कारण मोबाइल. मोकळा वेळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मिळतो आणि तो तुकडा भरायला मोबाइल हाताशीच असतो. यातलं पहिलं कारण दूर करणं सर्वांत सोपं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

परीक्षा संपल्यावर तीन-चार दिवस पुस्तकाचा विषयही काढू नका. ती काय बघते, काय ऐकते, कशावर मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते, याकडे लक्ष द्या. 'तिला रहस्यकथा आवडतात' एवढ्यावर पुस्तक निवडता येत नाही. गुन्हा कोणी केला हे शोधण्यात तिला मजा येते, की अडकलेली माणसं सुटतात की नाही, या धास्तीत? ही दोन्ही पुस्तकं वेगळी असतात. पहिल्या तऱ्हेच्या वाचकाला दुसऱ्या तऱ्हेचं पुस्तक दिलं, तर ते विसाव्या पानावर बंद होतं आणि आपण म्हणतो, हिला वाचायचंच नाही.

मग दोघी मिळून ग्रंथालयात जा आणि एकदम आठ-दहा पुस्तकं आणा. निवड तिची. तुम्ही फार तर दोन भर घाला. गठ्ठ्यात जातकुळी वेगवेगळी असू द्या : शंभर-सव्वाशे पानांची एक छोटी कादंबरी, एका मालिकेचा पहिला भाग, एक कथासंग्रह, भरपूर चित्रं-छायाचित्रं असलेलं एखादं माहितीपर पुस्तक, एक चित्रकादंबरी, आणि तिने पाहिलेला एखादा चित्रपट ज्यावर बेतला आहे ते मूळ पुस्तक. यातली सहा-सात न उघडता परत जातील. ते गृहीत धरूनच आणायचं.

घरी आल्यावर ती कपाटात लावू नका. पलंगाशेजारी, सोफ्यावर, जिथे मोबाइल चार्जिंगला लागतो त्या टेबलावर अशी दोन-दोन, तीन-तीन ठेवा आणि मुखपृष्ठ वर असू द्या. कपाटात पुस्तकांच्या फक्त पाठी दिसतात, आणि नुसत्या पाठीकडे बघून पुस्तक उचलावंसं सहसा वाटत नाही.

यानंतरचं काम सर्वांत अवघड, म्हणजे गप्प राहणं. बऱ्याच घरांत पाचव्या दिवशी प्रश्न येतो, 'मग, किती वाचून झालं?' त्या क्षणी त्या गठ्ठ्याचा गृहपाठ होतो. दोन आठवड्यांनी न वाचलेली पुस्तकं काहीही न बोलता परत करा आणि नवी आणा. तुम्ही स्वतः वाचत असाल तर उत्तमच, पण तिला दाखवण्यासाठी पुस्तक उघडून बसू नका. चौदा वर्षांच्या मुलीला ते लगेच कळतं.

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी सुट्टीसाठी पाच पुस्तकांची यादी देतो आणि जूनमध्ये प्रत्येकाचा सारांश लिहून मागतो. सारांश एकसारखे येतात, बरेचसे इंटरनेटवरून उतरवलेले. यादी चुकते आहे का? — एक भाषा शिक्षिका

यादीपेक्षा सारांशाची अट जास्त नुकसान करते. सारांश लिहायचा म्हटला की मूल तेवढ्याचसाठी वाचतं आणि तो तयार मिळाला तर वाचायची गरजच उरत नाही. पाच ठरावीक पुस्तकांतही अडचण आहेच. चाळीस मुलांच्या वर्गात वाचनाची पातळी तीन-चार इयत्तांनी वरखाली असते. एकच पुस्तक काहींना डोंगर वाटतं आणि काहींना पोरकट.

दोन्ही अटी काढून सगळा जोर सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यावर द्या. चाळीस मिनिटांचा एक तास पुरतो. सहा-सात टेबलं मांडा, प्रत्येकावर सात-आठ पुस्तकं, एकेका टेबलावर एकेक प्रकार : रहस्य, विज्ञानकथा, चरित्र, खेळ, विनोद, भय, कविता. प्रत्येक टेबलाशी सहा मुलं बसतील. पहिली पाच मिनिटं रीत समजावण्यात जातील. मग सात-सात मिनिटांच्या चार फेऱ्या. फेरीत पहिलं एक मिनिट मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर बघायचा, पाच मिनिटं पहिल्या पानापासून मुकाट्याने वाचायचं, शेवटच्या मिनिटात चिठ्ठीवर नाव लिहून पुढे 'हवं', 'बघू' किंवा 'नको' एवढंच लिहायचं. उरलेल्या सात मिनिटांत पुस्तकं मुलांच्या हाती द्यायची.

हा तास फसतो तो ठरलेल्या चार ठिकाणी. पुस्तकं मोजून तेवढ्याच मुलांपुरती ठेवली की शेवटच्या मुलाला निवडच उरत नाही. म्हणून प्रत्येक टेबलावर मुलांपेक्षा दोन जास्त हवीत. सगळी पुरस्कारप्राप्त आणि जाडजूड पुस्तकं मांडली की न वाचणारी मुलं तिथेच हात टेकतात. निम्मी तरी दीडशे पानांच्या आतली असू द्या. पाच मिनिटांच्या वाचनात शिक्षक टेबलांमधून फिरत 'हे छान आहे हं' म्हणत राहिले, तर वाचन तुटतं. आणि चौथी चूक सगळ्यांत महागात पडते : 'चिठ्ठ्या द्या, पुस्तकं उद्या देऊ' असं सांगणं. उद्या गोंधळ असतो, परवा सुट्टी लागते. नोंदवही त्याच वर्गात आणा आणि त्याच तासाला प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक द्या.

पुस्तकं हरवतील, ही भीती अनेक शाळांना वाटते. काही हरवतीलही. पण ज्या दोन महिन्यांत मुलांकडे सर्वांत जास्त वेळ असतो, नेमके तेच दोन महिने कपाटं कुलूपबंद राहतात, याचा तोटा त्याहून मोठा आहे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच सांगतो की ग्रंथ वापरासाठी असतात. शक्य असेल तर सुट्टीत आठवड्यातून एक दिवस, दोन तास ग्रंथालय उघडं ठेवा. पहिली पुस्तकं संपल्यावर पुढचं मिळालं नाही की लागलेली गोडी तिथेच थांबते.

शाळा उघडल्यावर काहीतरी हवंच असेल, तर प्रत्येकाला एक मिनिट द्या. आपल्याला आवडलेल्या एका पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवायचा. ज्याने काहीच वाचलं नसेल त्याने ऐकायचं. गुण नाहीत आणि जाबही नाही. 'मला पण दे ना ते' असं वर्गमित्राने म्हणणं शिक्षकांच्या कुठल्याही यादीपेक्षा जास्त पुस्तकं फिरवतं.

प्रश्न : दर पुस्तकामागे मुलाला पैसे द्यायचं ठरवलं आहे. चालेल ना? — दहावीतल्या मुलाचे वडील

आमचं मत स्पष्ट आहे : नको. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधीच सांगितलं. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ती मुलं लहान होती आणि प्रश्न चित्रांचा होता, हे खरं. पण पैशासाठी वाचणारं मूल काय करतं, ते घरातही दिसतं : सर्वांत बारीक पुस्तक शोधतं, पानं उलटतं आणि व्यवहार बंद झाला की वाचनही बंद.

तेच पैसे पुस्तकांवर खर्च करा. सुट्टीच्या सुरुवातीला एक रक्कम ठरवा आणि ती त्याने फक्त पुस्तकांवर किंवा मासिकांवर खर्च करायची, मात्र काय घ्यायचं ते सर्वस्वी त्याने ठरवायचं. तुम्हाला न पटणारं काही घेतलं तरी दुकानात कपाळाला आठ्या नकोत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. पुस्तक आवडीने सुरू करतो, पण तीस-चाळीस पानांनंतर सोडून देतो. अशी सात-आठ अर्धवट पडली आहेत. माझ्यात चिकाटी नाही का? — एक विद्यार्थी

तुझ्या चिकाटीचा यात काही संबंध नाही. सराईत वाचक भरपूर पुस्तकं अर्धवट सोडतात. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांचा एक नियम प्रसिद्ध आहे : पन्नास पानं वाचावीत, नाही रमलो तर खुशाल सोडावं. पन्नाशी उलटलेल्यांनी शंभरातून आपलं वय वजा करून तेवढीच पानं वाचावीत, अशी सवलतही त्यांनी दिली आहे. तुझ्यासाठी आम्ही जरा वेगळं सुचवू : पुस्तकाच्या एकूण पानांचा दहावा भाग. दोनशे पानी असेल तर वीस.

सोडताना मात्र एक ओळ वहीत लिही : कशामुळे सोडलं? पात्रं फार होती, वर्णनं लांबली, भाषा जड होती, की विषयच नकोसा होता? सात-आठ पुस्तकांच्या या ओळी शेजारी शेजारी ठेवल्यास की तुझी आवड तुलाच दिसेल. पाच वेळा 'वर्णनं लांबली' असेल, तर संवाद जास्त असलेली पुस्तकं घे. पान उघडून बघितलं तरी कळतं : संवादांचं पान मोकळं दिसतं, वर्णनांचं भरगच्च.

आणखी एक शक्यता तपासून बघ. तिसाव्या पानाशी पोचेपर्यंत चार-पाच दिवस जात असतील, तर पुस्तक कंटाळवाणं नसून तू ते फार तुटक वाचतो आहेस. माणसांची नावं विसरायला होतात आणि दर वेळी मागे जावं लागतं. नवं पुस्तक सुरू करताना पहिल्या बैठकीला सलग पाऊण तास दे. पुढे रोज पंधरा मिनिटं दिलीस तरी धागा सुटत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा फक्त चित्रकथा आणि खेळाडूंच्या मुलाखती वाचतो. याला वाचन म्हणायचं का? — एक आई

हो. चित्रकथेत चौकटी-चौकटींमधला न दाखवलेला भाग वाचकालाच जुळवावा लागतो, ते काम काही हलकं नसतं. त्याच्या वाचनाला नावं ठेवू नका, फक्त शेजारी पुढची पायरी ठेवा : खेळाडूच्या मुलाखतीशेजारी त्याच खेळाडूचं आत्मचरित्र, चित्रकथेशेजारी त्याच विश्वातली गद्य कादंबरी. उचललं तर उचललं.

प्रश्न : रोज किती वेळ वाचावं आणि कधी? तासभर ठरवतो आणि तीन दिवसांत मोडतो. — दोघी बहिणी, नववी आणि बारावी

वीस मिनिटं धरा. हिशोब असा : मिनिटाला दीडशे शब्द या बेताच्या वेगाने वीस मिनिटांत तीन हजार शब्द होतात, म्हणजे अडीचशे शब्दांचं पान धरलं तर बारा पानं. आठवड्यातले पाचच दिवस वाचलंत तरी सहा आठवड्यांत तीनशे साठ पानं होतात. रोज वाचलंत तर पाचशे चार, म्हणजे दोनशे पानांची दोन पुस्तकं पुरी आणि तिसरं निम्मं. तुमचा खरा वेग काढायचा असेल तर आवडत्या पुस्तकाची दहा मिनिटं वाचा, झालेली पानं मोजा आणि दुप्पट करा.

तास मोडतो, कारण एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दोन तासांचं ओझं वाटतं. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, हा नियम आधीच करून ठेवा.

वेळ घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा : दुपारच्या जेवणानंतर, आंघोळीनंतर केस वाळेपर्यंत. रात्री झोपताना वाचायचं असेल, तर मोबाइल आधी दुसऱ्या खोलीत ठेवून या. उशाशी असला की 'पाच मिनिटं बघतो' म्हणत वाचनाचीच वेळ जाते. गजरासाठी मोबाइल लागतो, ही अडचण साध्या गजराच्या घड्याळाने सुटते. पुस्तक मात्र आधीच उशाशी आणि खूण घातलेलं असावं. 'कोणतं वाचू' हा शोध झोपेच्या वेळी सुरू झाला की दिवा बंद होतो.

प्रश्न : आठवीतली मुलगी फार सावकाश वाचते, अडखळते आणि म्हणून टाळते. आनंद कसा वाटेल तिला? — एक पालक

आधी एक गोष्ट तपासा. डोळे तपासून घ्या. वाचताना अक्षरं गाळणं, ओळ सुटणं, सोपे शब्दही दर वेळी नव्याने जुळवावे लागणं, आणि ऐकलेलं मात्र उत्तम समजणं, असं बऱ्याच वर्षांपासून चालू असेल, तर वाचनअक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला हवी. हे आळशीपणाचं लक्षण नाही आणि ती जितकी लवकर होईल तितकं बरं.

सोबत ऐकत वाचणं हा अशा मुलांसाठी फार चांगला उपाय आहे. ऑडिओबुक आणि छापील पुस्तक दोन्ही एकाच आवृत्तीची घ्या, संक्षिप्त रूप नको. एक प्रकरण कानाने ऐकत डोळ्यांनी वाचायचं. आवाज पुढे पळत असेल तर वेग ०.९ किंवा ०.८ वर आणा. त्याहून खाली आणू नका, कारण आवाज ओढल्यासारखा येतो आणि ऐकवत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीची दोन-तीन प्रकरणं अशी झाली की माणसं आणि नावं ओळखीची होतात. मग एक पान तिने, एक पान ऑडिओने, असं बदलता येतं.

मालिकेतली पुस्तकं अशा वाचकांसाठी मोठा आधार असतात. पहिल्या भागात नवी नावं, नवं जग आणि लेखकाची धाटणी समजून घेण्याचे कष्ट एकदा पडतात. दुसऱ्या भागात ते कष्ट पडत नाहीत आणि वेग आपोआप वाढतो. म्हणून पहिले तीन भाग एकदमच आणून ठेवा. पुस्तक निवडताना अक्षराचा आकार, ओळींमधली जागा आणि प्रकरणांची लांबी बघा. चार-पाच पानांचं प्रकरण असेल तर एका बैठकीत एक पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. आवडलेलं पुस्तक ती पुन्हा वाचत असेल तर वाचू द्या, दुसऱ्या वेळी अडखळणं कमी होतं. आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगू नका.

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, असं असेल तर सुट्टीतलं वाचन तिला जी सोपी जाते त्या भाषेत होऊ द्या. शाळेची भाषा सुधारण्यासाठी सुट्टीतलं पुस्तक वापरायला गेलात, तर ते पुन्हा अभ्यासाचं पुस्तक होतं.

प्रश्न : मोबाइलवर किंवा ई-वाचकावर (पुस्तकं वाचण्यासाठीच्या उपकरणावर) कादंबरी वाचली तर चालते का? — बारावीचा विद्यार्थी

कथा-कादंबरी असेल तर चालते. कागद आणि पडदा यांची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं, पण गोष्टीरूप मजकुरात तसा फरक आढळला नाही. मोबाइलची खरी अडचण सतत येणाऱ्या सूचनांची (नोटिफिकेशन्सची) आहे. पुस्तक आधी उतरवून घे, विमान मोड लाव, अक्षर मोठं कर आणि एका ओळीत सात-आठ शब्द येतील एवढा समास ठेव. ई-वाचकावर सूचना नसतात, त्यामुळे तो उत्तम.

प्रश्न : मुलीने आणलेल्या एका कादंबरीत हिंसा आणि प्रेमसंबंधांची वर्णनं आहेत. काढून घ्यावी का? — एक पालक

आधी स्वतः वाचा, निदान पन्नास पानं सलग. मधलंच एक पान उघडून मत बनवू नका. पंधरा-सोळा वर्षांची मुलं अवघड विषय पुस्तकात शोधतात, कारण तिथे ते सुरक्षित अंतरावरून समजून घेता येतात, आणि नको वाटलं तर पुस्तक मिटता येतं. ओढून घेतलेलं पुस्तक मोबाइलवर वाचलं जातं, आणि मग त्याबद्दल बोलायचा मार्गच बंद होतो. वाचल्यावरही खटकत असेल तर 'मला हा भाग अस्वस्थ करून गेला, तुला काय वाटलं?' असं थेट बोला. मूल त्या मजकुराने घाबरत असेल, झोप उडत असेल, तर मात्र 'सध्या बाजूला ठेवू' म्हणणं योग्यच.

प्रश्न : मुलगा आता वाचतोय! त्याच्याशी पुस्तकाबद्दल काय बोलावं? 'कसं आहे' विचारलं की 'बरंय' म्हणतो. — एक आजी

'कसं आहे' आणि 'काय शिकलास' हे दोन्ही प्रश्न परीक्षेचे वाटतात. त्याऐवजी ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही, असं काही विचारा : 'यातल्या कुठल्या माणसाचा राग येतो?', 'अजून किती जण मरणार आहेत?', 'मला वाचायला देशील का झाल्यावर?' शेवटचा प्रश्न सर्वांत चांगला, पण मग खरंच वाचायला हवं. दोन प्रकरणं वाचून 'तो वकील मला खोटारडा वाटतोय' म्हणालात, तर तो आपणहून बोलू लागेल.

आणि नाही बोलला तरी हरकत नाही. फ्रेंच लेखक-शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि वाटेल ते वाचण्याचा हक्क त्यात आहे, आणि दहावा हक्क वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा आहे. 'बरंय' म्हणून तो पुन्हा पुस्तकात शिरला, तर त्याला वाचू द्या आणि त्याच मालिकेचा पुढचा भाग ग्रंथालयात आहे का, तेवढं बघून ठेवा.